हुप्प्या, कॅशियर आणि मी

बँकेनं मला धाडला धाडलं. बदलीची ऑर्डर हातात पडली त्या संध्याकाळी हे वाक्य मी घरी मोठ्या उत्साहानं म्हणून दाखवलं. कोटीला दाद मिळेल अशी अपेक्षा होती. "आणि तुम्हाला काय धाड भरली होती हो म्हणायला?" असं उत्तर आलं. एका गावाच्या नावावर आमच्या घरात पाच मिनिटांत दोन कोट्या झाल्या, आणि दुसरी जास्त चांगली होती हे मला आजही कबूल करावं लागतं.

धाड हे बुलढाणा तालुक्यातलं, पण जिल्ह्याच्या पार काठावरचं गाव. इथे विदर्भ संपत येतो आणि भोकरदनच्या रस्त्याला लागलं की मराठवाडा सुरू होतो. अजिंठ्याचे डोंगर फार लांब नाहीत. कापूस, मका, सोयाबीन अशी शेती, बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नाही अशी पेठ, आणि आमच्या शाखेमागे एक जुनं कडुनिंबाचं झाड. त्या झाडावर वानरांची एक टोळी मुक्कामाला असे. धाड म्हणजे दरोडा. गावातली माणसं सरळ, कर्ज थकलं तरी नमस्कार करून थकवणारी. तेव्हा गावाच्या नावाची अब्रू राखण्याचं काम या टोळीनं अंगावर घेतलेलं होतं. सकाळी कुणाच्या तरी हरभऱ्यात, दुपारी आमच्या छपरावर. छपरावर बँकेची तबकडी होती. एखादं वानर तिच्यावर टेकून बसलं की खाली सगळ्या संगणकांची लिंक जायची. आम्ही वरच्या ऑफिसला 'तांत्रिक बिघाड' असं कळवत असू. तो तांत्रिक बिघाड वर बसून शेंगा सोलत असे.

"साहेब, वांदरं आली ना जी," असं शिपायानं म्हटलं की सगळी शाखा खिडकीकडे बघायची. मी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बघत असे, आणि त्याला कारण होतं. आमच्या कॅशियरचं आणि माझं बोलणं बंद होतं. आमच्या दोघांच्या खुर्च्यांत तीन फुटांचं अंतर. तीन फुटांवरच्या माणसाशी बोलायचं नसेल तर डोळ्यांना दुसरीकडे काहीतरी काम द्यावं लागतं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं, मी खिडकी घेतली. कॅलेंडरमध्ये महिन्याला एकदाच बदल होतो. खिडकीत रोज नवीन प्रकरण. माझा वानरांचा अभ्यास हा असा अबोल्यातून सुरू झाला.

मी बी.कॉम. झालेला माणूस. प्राण्यांपैकी माझा अभ्यासातला संबंध फक्त शेअरबाजारातल्या बैलाशी आणि अस्वलाशी आला. तेव्हा आधी एक खुलासा करून घेतो. आपल्याकडे लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर, आणि वानरांच्या टोळीचा जो दादा असतो तो हुप्प्या. माणसाचे खरे जवळचे नातेवाईक म्हणजे बिनशेपटीचे: चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान, आणि जरा लांबचा गिबन. यांतला फक्त गिबन आपल्या देशात, तोही ईशान्येकडच्या जंगलात. चिंपांझीची आणि आपली वाट साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी फुटली. वानराची आणि आपली वाटणी होऊन अडीच-तीन कोटी वर्षं झाली असं म्हणतात. म्हणजे चिंपांझी सख्खा चुलतभाऊ, आणि आमच्या छपरावरची मंडळी लग्नाला बोलावलं नाही तरी न रागावणाऱ्या नात्यातली.

पण माणूस पहिल्यापासून या नातेवाइकांत स्वतःचं तोंड बघत आला आहे. आणि गंमत अशी की आरसा एकच असून तोंड दर वेळी वेगळं दिसतं.

धाडला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सहकुटुंब अजिंठ्याला गेलो. सतराव्या लेण्यात वाटाड्यानं बॅटरीच्या उजेडात वानर दाखवले. ही चित्रं पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. महाकपी जातकाच्या दोन कथा तिथे रंगवलेल्या आहेत. पहिलीत बोधिसत्त्व वानरांचा राजा आहे. काशीच्या राजाचे धनुर्धारी आंब्याच्या झाडाला वेढा घालतात, तेव्हा हा महाकपी गंगेवर स्वतःच्या अंगाचा पूल करतो आणि सगळी टोळी त्याच्या पाठीवरून पलीकडे जाते. शेवटी जाणारा वानर म्हणजे देवदत्त. तो मुद्दाम उंचावरून उडी मारतो आणि राजाची पाठ मोडतो. टोळीतला शेवटचा सभासद काय करील याचा भरवसा नाही, हे त्या काळीही माहीत होतं. दुसऱ्या कथेत एक माणूस खड्ड्यात पडतो. वानर त्याला पाठीवर घेऊन बाहेर काढतो आणि दमून झोपतो, तर तो माणूस त्याच्या डोक्यात धोंडा घालतो. वानर जागा होतो आणि रक्त गळत असताना त्याला जंगलातून बाहेर पडायचा रस्ता दाखवतो. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारांचा निकाल स्पष्ट होता: वानर मोठा, माणूस हलका.

आमच्या आजीचा निकाल नेमका उलटा. तिची गोष्ट तुम्हीही ऐकलेली असणार. बादशहा एका माकडिणीला पिल्लासकट रिकाम्या हौदात सोडतो आणि पाणी चढवत जातो. पाणी कमरेला आलं की ती पिल्लाला कडेवर घेते, गळ्याशी आलं की डोक्यावर घेते, आणि नाकाशी आलं की पिल्लाला पायाखाली घालून त्याच्यावर उभी राहते. "शेवटी जो तो आपला जीव बघतो रे बाबा," असं म्हणून आजी दिवा बारीक करायची. ही गोष्ट मी हजार वेळा ऐकली असेल. बँकेत कर्जाला जामीन राहायला नकार देणारी माणसं ती हमखास सांगतात. असा हौद कुणी खरोखर बांधून पाहिला होता का, हा प्रश्न मला चाळीशी उलटेपर्यंत पडला नव्हता.

युरोपात हा आरसा जरा उशिरा पोचला. १८३८ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जेनी नावाची एक ओरांगउटान होती. तिला कपडे घालत. तिच्या पिंजऱ्यात एक तरुण गृहस्थ जाऊन बसले. रखवालदारानं जेनीला सफरचंद दाखवलं आणि दिलं नाही. तिनं जमिनीवर लोळण घेतली, पाय आपटले, भोकाड पसरलं. रखवालदार म्हणाला, शहाण्यासारखी वागलीस तर देईन. ती गप्प झाली, सफरचंद मिळालं, आणि बाईसाहेब आरामखुर्चीत बसून समाधानानं खायला लागल्या. ते तरुण गृहस्थ म्हणजे डार्विन. आमच्या मॅनेजरसमोर कर्जाचं सफरचंद धरून त्यांनी ते मागं घेतल्यावर बागाईतदारांना मी यापेक्षा वेगळं काही करताना पाहिलेलं नाही. चार वर्षांनी, १८४२ साली, व्हिक्टोरिया राणी अशीच एक जेनी बघून आली आणि ती फार भयंकर माणसासारखी दिसते म्हणून अस्वस्थ झाली. राणी अस्वस्थ झाली, डार्विन मात्र वही काढून बसला. फरक एवढाच.

डार्विन चूक आहे असं मधूनमधून जाहीर होत असतं. जानेवारी २०१८ मध्ये आमच्या जवळच, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी सांगितलं, की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणीही पाहिलेलं नाही. मुद्दा बिनतोड आहे. मीही पाहिलेलं नाही. उलट दिशेचा प्रवास मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेन्शनच्या दिवशी, काउंटरच्या दोन्ही बाजूंना पाहतो.

आता या विद्येच्या इतिहासातलं एक वाईट प्रकरण सांगतो. आमच्या अबोल्याचं मूळ त्याच्या शेजारीच सापडतं. १९२५ साली लंडनच्या त्याच प्राणिसंग्रहालयात खडकांची एक टेकडी बांधून तिच्यावर शंभराच्या आसपास हमाद्रियास बबून आणून सोडले. जवळजवळ सगळे नर. दोन वर्षांनी तीस माद्या आणून त्यांत टाकल्या. मग जे व्हायचं ते झालं. ओढाओढी, मारामाऱ्या, त्यात कितीतरी माद्यांचे बळी गेले. सॉली झुकरमन नावाच्या शास्त्रज्ञानं हे सगळं अभ्यासून १९३२ साली पुस्तक लिहिलं, आणि बरीच वर्षं शिकलेली माणसं म्हणत राहिली, की बघा, कपड्यांच्या आत आपण हेच. पुढे १९६०च्या सुमाराला हान्स कुमर हा स्विस माणूस इथिओपियात गेला. तिथल्या मोकळ्या रानात हेच बबून दिवसेंदिवस शिस्तीत चालत होते, आणि एकाच्या कुटुंबाकडे दुसरा सहसा डोळा वर करून बघत नव्हता. दोष बबूनचा नव्हता, टेकडीचा होता.

आमच्या शाखेची अशी टेकडी ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री झाली. पाचशे आणि हजारच्या नोटा गेल्या. दुसऱ्या दिवशी बँक बंद, तिसऱ्या दिवशी उघडली ती सरळ रांगेवरच. एरवी "बाबू, च्या घेता का?" म्हणणारी माणसं एकमेकांच्या कोपरांना कोपरं लावून उभी. पुढे बोटाला शाई लावायची पाळी आली. त्या डिसेंबरमध्ये एखाद्या झुकरमननं येऊन धाड शाखेचा अभ्यास केला असता, तर मनुष्यस्वभावावर त्यानं काय लिहिलं असतं याची मला कल्पना करवत नाही. माझ्यावर एक परिशिष्ट नक्की.

झालं असं. एका दुपारी लिंक गेली. या वेळी वानरांचा हात नव्हता. बाहेर दीडशे माणसं. साहेब म्हणाले, ओळखीच्या खातेदारांच्या स्लिपा घ्या, पैसे द्या, नोंदी मागून करू. स्लिप मी तपासायची, पैसे कॅशियरनं मोजायचे. रात्री साडेनऊला हिशेब लागला तेव्हा कॅश चार हजारांनी कमी. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी, कुणी काही विचारायच्या आत म्हणालो, "माझ्याकडच्या स्लिपा पूर्ण आहेत. मोजण्यात गेले असतील." कॅशियर काही बोलले नाहीत. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा रुपया कमी आलेला नव्हता. त्यांनी खिशातून होते तेवढे काढले, उरलेले शिपायाकडून उसने घेतले आणि चार हजार भरले. माझ्या 'मोजण्यात' या शब्दाकडे त्यांनी एकदा बघितलं. शब्दाकडे बघता येत नाही हे मला कळतं, पण त्यांनी बघितलं.

तीन आठवड्यांनी व्हाउचरची गठ्ठी शिवताना एका स्लिपच्या मागे टाचणीत अडकलेली दुसरी स्लिप निघाली. चार हजारांची. खाली सही माझी.

मी ती स्लिप साहेबांना नेऊन दिली. एवढा प्रामाणिकपणा दाखवला याचं त्या दिवशी मला कौतुकही वाटलं. साहेबांनी नोंद करून कॅशियरना पैसे परत दिले. आता माझ्या वाट्याला उरलं होतं ते तीन फुटांचं अंतर आणि एक वाक्य. ते मी उद्यावर टाकलं. उद्या त्यांनी शिपायाला सांगितलं, "त्यांना म्हणावं, पंचिंग मशीन झालं असेल तर इकडे द्या." मी तिथेच होतो. मीही शिपायाला म्हणालो, "त्यांना म्हणावं, अजून दोन मिनिटं." झालं. पुढची पाच वर्षं आमचं सगळं संभाषण त्या शिपायामार्फत झालं. माणूस तोंडानं बोलायला लागला हा उत्क्रांतीतला केवढा मोठा टप्पा मानतात, आणि आम्ही दोघं पदवीधर तो रोज दहा ते पाच रद्द करत होतो.

असो. वानरांकडे वळू. आपल्या वानरांच्या अभ्यासाची कथा तर चमत्कारिक आहे. फिलिस जे नावाची अमेरिकन बाई १९५८ ते १९६० या काळात उत्तर आणि मध्य भारतात वानरांच्या मागे हिंडली. तिला दिसली अतिशय समाधानी, शांत मंडळी. नवं पिल्लू झालं की बारशाला जमलेल्या बायकांसारखं या मांडीवरून त्या मांडीवर फिरतंय, दुपारभर एकमेकींचे केस साफ करणं चाललंय. हे आमच्या कडुनिंबावरही अगदी असंच. नंतर युकिमारू सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ धारवाडला आले. १९६२ साली त्यांच्या डोळ्यांदेखत नरांच्या एका टोळक्यानं एका हुप्प्याला हुसकलं, त्यांतला एक मालक झाला, आणि त्यानं आधीच्या हुप्प्याची पिल्लं एकामागून एक मारली. शास्त्रज्ञ जगतात खळबळ उडाली. बहुतेकांनी ठरवलं, की गर्दीनं डोकं फिरलं असेल. देवाचं वानर असं करणार नाही.

१९७१ साली सारा हर्डी ही हार्वर्डची विद्यार्थिनी अबूच्या पहाडावर आली तीही हीच समजूत घेऊन. काही वर्षं ऊन-पावसात बसून, १९७७ साली तिनं पुस्तक लिहिलं. त्यातला निष्कर्ष थंड हिशेबाचा आहे. नव्या हुप्प्याची सत्ता दोन-तीन वर्षांची. अंगावर पिणारं पिल्लू असेपर्यंत मादी पुन्हा विणार नाही. तेव्हा तो आधीच्याचं पिल्लू मारतो आणि स्वतःच्या वंशाची सोय करतो. डोकंबिकं काही फिरलेलं नसतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून क्षणभर नुसता बसलो. कारण आमच्या शाखेत नुकतेच नवे साहेब आले होते. जुन्या साहेबांनी जन्माला घातलेली कर्जप्रकरणं, त्यांनी लावलेली तुळशीची कुंडी, त्यांनी सुरू केलेली शनिवारची बैठक, यांतलं एकही पहिल्या महिन्यात जगलं नाही. त्यांची बदली तीन वर्षांनी ठरलेली. पुढची गोष्ट सांगायला नको.

पण हर्डीबाईंच्या पुस्तकात मला खरी सापडली ती दुसरीच गोष्ट. माद्या हे सगळं बघत बसत नाहीत. त्या लपवतात, पळवतात, एकत्र येऊन हुप्प्यावर तुटून पडतात. त्यांत सोल नावाची एक म्हातारी वानरी होती. तिला स्वतःचं पिल्लू नव्हतं, होण्याचं वय उलटलेलं. एरवी टोळीच्या कडेला, सगळ्यांत शेवटी खाणारी. पण दुसरीच्या पिल्लावर हुप्प्या चालून आला की तरण्या वानऱ्यांच्या आधी ही मध्ये. आपल्यापेक्षा थोराड, सुळेवाल्या नराच्या अंगावर. आजीच्या हौदातली माकडीण आणि अबूच्या पहाडावरची सोल. पहिली आजीनं अंधारात सांगितली, दुसरी एका बाईनं वहीत तारीख घालून लिहिली. मी हिशेबातला माणूस आहे. व्हाउचर असेल ती नोंद धरतो.

जपानचं एक प्रकरण घाईघाईत सांगून टाकतो, कारण ते आमच्या स्टाफला लागू आहे. १९५३ साली कोशिमा बेटावर इमो नावाच्या दीड वर्षाच्या माकडीला रताळं पाण्यात धुऊन खायची युक्ती सुचली. आधी तिच्या सवंगड्यांनी उचलली, मग आईनं. म्हातारे नर मात्र वर्षानुवर्षं वाळू लागलेलं रताळं कचकचा चावत राहिले. संगणक आला तेव्हा आमच्या शाखेत कोण कोण कचकचा चावत राहिले त्यांची नावं मी देणार नाही.

फ्रान्स द वाल यांचं 'चिंपांझी पॉलिटिक्स' मला पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं. नाव बघून महाराष्ट्राच्या राजकारणावरचं असावं अशा समजुतीनं घेतलं. पुस्तक १९८२चं आणि कथा हॉलंडमधल्या आर्नेम प्राणिसंग्रहालयातली निघाली, पण माझी समजूत फार चुकली नव्हती. येरून हा जुना पुढारी. लायट त्याला खाली खेचतो. मग येरून निकी नावाच्या पोरगेल्या नराला खांद्यावर घेतो, लायटला पाडतो आणि पोराच्या नावावर स्वतःचा कारभार चालवतो. एवढा मजकूर मराठी वाचकाला वर्तमानपत्रातून पाठ आहे. पण १९८० साली एका रात्री त्या दोघांनी लायटला इतकं फाडलं की तो मेला. जेन गुडॉल यांनी टांझानियातल्या गोंबेत पाहिलं तेही असंच. एकाच कळपाच्या दोन फळ्या झाल्या आणि १९७४ ते १९७८ अशी चार वर्षं एका फळीनं दुसरीचे नर गाठून गाठून मारले. हे वगळून चिंपांझीचं गोड चित्र काढायचं कारण नाही. (बोनोबो आपली भांडणं कशी मिटवतात हेही द वाल यांनी लिहिलेलं आहे. हे पुस्तक घरातली सगळी मंडळी वाचतात म्हणून मी ते वगळतो.)

द वाल यांचं मोठेपण ज्या निरीक्षणात आहे ते १९७५ सालचं. हिवाळ्यात चिंपांझी आत कोंडलेले असताना एक जोरदार मारामारी झाली. आरडाओरडा थांबला, सगळे गप्प. आणि थोड्या वेळानं एकदम साऱ्या कळपानं गलका केला. मधोमध दोन चिंपांझी एकमेकांना मिठी मारून मुका घेत होते. द वाल यांना तो गलका कशाचा ते कळेना. घरी जाताना विचार करता करता लक्षात आलं, की मघाशी भांडले ते हेच दोघे. त्याआधी माकडांच्या मारामाऱ्या शेकडो शास्त्रज्ञांनी मोजल्या होत्या. मारामारीनंतर काय होतं हे मोजायचं मात्र फारसं कुणाला सुचलं नव्हतं. द वाल मोजायला लागले, आणि दिसलं, की भांडलेले दोघे पुष्कळदा थोड्याच वेळात एकमेकांना शोधत येतात. हात पुढे करतात. केस साफ करतात. दोघेही अडून बसले तर मामा नावाची मादी उठते, एकाजवळ बसते, मग त्याला हाताला धरून दुसऱ्याजवळ नेऊन बसवते आणि स्वतः हळूच निघून जाते.

हे मी दुपारच्या सुट्टीत वाचलं. बाहेर कडुनिंबावर दोन वानऱ्या सकाळी भाकरीच्या तुकड्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, त्या आता पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. डावीकडे तीन फुटांवर कॅशियर डबा खात होते. आमची मामा म्हणजे शिपाई. तो बिचारा पाच वर्षं नुसते निरोप पोचवत होता. हाताला धरून नेऊन बसवायचं त्याच्या पगारात बसत नव्हतं.

लढाई काही माणसाची एकट्याची नाही, हे गोंबेवरून दिसतंच. माणसाचं खास काय, तर फाइल. वानराचं भांडण शेंग संपली की संपतं; आपण त्याला पान क्रमांक घालून ठेवतो. आणि ही सवय आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे, की आपण ती वानरांच्या नावावरही चढवतो. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात लवूळ गावची बातमी जगभर गेली होती ती आठवते? वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती. पिल्लं पडून किंवा उपासानं मरत होती. बातम्यांत अडीचशेचा आकडा आला. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, त्याचा हा 'सूड', असं सगळीकडे छापून आलं. वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. पिल्लं वर नेली जात होती हे खरं. का, ते वानरांना कुणी विचारलेलं नाही. सूड हा शब्द आपल्या घरचा. बातमी वाचून गावोगाव सगळ्यांना ती एका क्षणात पटली याचं मला नवल वाटलं. आमच्या शाखेत ती मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा मान डोलावणाऱ्यांत पहिला मी होतो आणि दुसरे कॅशियर.

आपल्या पूर्वजांना हे सगळं कळलेलं असावं. म्हणून त्यांनी संक्रांत काढली. चिंपांझीला दहा मिनिटांत जमतं ते माणसाला वर्षातून एकदा तरी जमावं म्हणून १४ जानेवारी ठरवून दिली, वर तिळगुळाची लाच ठेवली. शाखेत दर वर्षी डबा फिरायचा. मी सगळ्यांच्या हातात तिळगूळ देऊन 'गोड बोला' म्हणायचो आणि कॅशियरच्या काउंटरवर एक लाडू, ब्लॉटिंग पेपरवर, काही न बोलता ठेवायचो. संध्याकाळी तो तिथे नसे. त्यांनी खाल्ला की शिपायानं, याचा छडा मी कधी लावला नाही.

२०२१च्या अखेरीला ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाचं भाषण माझ्याकडेच आलं. शाखेत लिहिणारा म्हणून माझी ख्याती. मी त्यांना मनमिळाऊ म्हणालो, अजातशत्रू म्हणालो, एक सुभाषितही टाकलं. ते नारळ हातात घेऊन छताकडे बघत होते. छपरावर टोळी धावत होती. 'चार हजार' हे दोन शब्द भाषणात येऊ शकले असते. नाही आले. पुढे माझीही बदली झाली.

मग कधीतरी मुलानं मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. आर्नेमची ती मामा, २०१६ साली, एकोणसाठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, शेवटची घटका मोजत गवतावर पडलेली. अन्न सोडलेलं. तिला कित्येक वर्षं ओळखणारे प्राध्यापक यान व्हान होफ, जवळजवळ ऐंशीचे, तिच्या पिंजऱ्यात जातात. आधी तिला कळतच नाही. मग ओळख पटते आणि ती तोंडभर हसते, हात लांब करून त्यांच्या मानेवर थापटते. काही दिवसांनी ती गेली. "बाबा, तुम्ही रडताय?" मुलानं विचारलं. मी म्हणालो, चष्म्याचा नंबर बदलला आहे.

गेल्या संक्रांतीला घरचा डबा घेऊन मी बुलढाण्याला कॅशियरच्या घरी गेलो. बसमध्ये चार वाक्यं पाठ केली होती. दार त्यांनीच उघडलं. केस पार पिकलेले. माझ्याकडे बघितलं, मग आत वळून म्हणाले, "अहो, चहा टाका. बँकेतले आलेत." बसलो. पाठ केलेल्या चार वाक्यांपैकी एकही वेळेवर हजर नव्हतं. "ती स्लिप माझीच होती," एवढंच कसंबसं म्हणालो. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि डबा पुढे ओढून उघडला. जुनी सवय, लाडू बाहेर काढून ओळीनं मांडले आणि मोजले.

"किती घातले होते?"

"बारा," मी म्हणालो.

त्यांनी बोटाला थुंकी लावली आणि परत मोजले. अकरा. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून पाच वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघत म्हणाले,

"एक कमी आहे. या वेळी मी भरणार नाही."